चांदण्यातला ‘च’

माझी भाची कोरियन गाणी ऐकते. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी तिने मला ‘ट्वाइस’ या नऊ मुलींच्या गटाची दोन गाणी लागोपाठ ऐकवली. चाल तीच, वाद्यं तीच, गळेही तेच. एक कोरियन आणि दुसरं जपानी. “मामा, फरक सांग,” म्हणाली. मला दोन्ही भाषा येत नाहीत, पण फरक कानाला लगेच कळला. पहिल्या गाण्यात शब्द व्यंजनावर मिटत होते. दुसऱ्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरावर उघडं राहत होतं, त्यामुळे तीच चाल जास्त वाहती वाटत होती. गाण्याची भाषा बदलली की तोंडाचं सगळं काम बदलतं, हे मी अनेकदा वाचलं होतं. त्या दिवशी ते ऐकलं.

ती गाणी ‘हॅशटॅग ट्वाइस’ या संचातली. जून 2017 मध्ये या गटाने जपानच्या बाजारात पाऊल ठेवलं ते या संचाने, आणि त्यात पाच गाणी दोन्ही भाषांत शेजारीशेजारी ठेवली होती. मला हे फार प्रामाणिक वाटलं. ऐकणाऱ्याने तुलना करावी म्हणून दार उघडं ठेवल्यासारखं. गटातल्या तिघी मूळच्या जपानी होत्या, बाकीच्यांना ती भाषा शिकावी लागली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2018 मध्ये, ‘बीडीझेड’ हा त्यांचा पहिला पूर्ण जपानी अल्बम आला.

ही वाट त्यांच्याआधी मळलेली होती. बोआ ही कोरियन गायिका पंधरा वर्षांची असताना, मार्च 2002 मध्ये, तिचा पहिला जपानी अल्बम जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या वेळी खुद्द कोरियात जपानी भाषेतल्या गाण्यांच्या तबकड्या विकायला परवानगी नव्हती. ती जानेवारी 2004 मध्ये मिळाली. 1910 ते 1945 अशी पस्तीस वर्षं ज्या देशाची सत्ता सोसली, त्याची भाषा आपल्या दुकानात नको, ही कोरियाची भावना समजण्यासारखी आहे. आणि त्याच काळात एक कोरियन मुलगी त्या भाषेत गाऊन तिथली घरं जिंकत होती. 2011 च्या जूनमध्ये ‘गर्ल्स जनरेशन’ या नऊ जणींचा पहिला जपानी अल्बम आला, तोही पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात कोरियात आधी गाजलेली काही गाणी जपानी शब्द घालून पुन्हा गायलेली आहेत, आणि ‘मिस्टर टॅक्सी’सारखी काही जपानीसाठीच बांधलेली. माझा कौल दुसऱ्या प्रकाराला. पुन्हा गायलेल्या गाण्यांत शब्द चालीच्या मागून धावतात. एका कोरियन अक्षरात जे मावतं त्याला जपानीत दोन-तीन अक्षरं लागतात, मग गीतकार अर्थ पातळ करतो. ‘मिस्टर टॅक्सी’त श्वास जिथे हवा तिथेच पडतो.

आता खरी गोष्ट. जपानीत चंद्राला ‘त्सुकी’ म्हणतात. हा ‘त्सु’ कोरियन भाषेत नाही, म्हणून कोरियन जीभ तो ‘चु’कडे ओढते. शब्दारंभीचा ‘ज़’ही त्यांना परका, तो ‘ज’ होतो. जपानी श्रोत्याला गाणाऱ्याचं गाव कळतं ते इथे. पण माझी भाची ‘त्सुकी’ पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणाली. कारण तिच्या तोंडात तो आवाज जन्मापासून आहे. चूल, चूक, चांगलं यांतला आपला ‘च’ जवळपास तोच. चंद्र म्हणताना आपली जीभ टाळूला लागते आणि चांदणं म्हणताना दातांमागे. लिपी दोन्हीला एकच अक्षर देते, फरक फक्त घरात ऐकून कळतो.

परभाषेतून गाण्याची कला या अशा जागी तपासावी, असं माझं मत आहे. आणि तपासताना कोल्हापूरच्या माणसाला सोलपर्यंत जायची गरज नाही.

1 जून 1929 ला या गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला, मराठीत आणि हिंदीतही. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना जे म्हणायचं, जे गायचं, ते कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने, आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या. आज आपण डबिंग म्हणतो ते हे नव्हे. एकाच नटाने एक भाव दोनदा नव्याने उभा करायचा होता. पुढे प्रभात पुण्याला गेली तरी ही सवय सुटली नाही. ‘कुंकू’ (1937) मध्ये शांता आपटे यांनी चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली.

मग 1939 चा ‘माणूस’. त्यातल्या मैनेच्या भूमिकेत शांता हुबळीकर. घरची भाषा कानडी. मास्टर कृष्णरावांच्या संगीतात त्यांनी गायलेलं ‘कशाला उद्याची बात’ आजही लोकांच्या ओठांवर आहे. एवढं, की पुढे त्यांनी आत्मचरित्रालाही तेच नाव दिलं. हे गाणं मराठीतून निघतं आणि गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा मुलखांतून फिरून येतं. मी ते कितीदा ऐकलं असेल याची गणती नाही. चमत्कृती म्हणून ऐकायला घेतलं तर दोनदा ऐकून संपतं. पण कान देऊन ऐका. भाषा बदलली की बाईंच्या आवाजाचा कल बदलतो, नखरा बदलतो, तरी मैनेचं दुःख मात्र तेच राहतं. कानडी घरातली एक बाई मराठी चित्रपटात, मराठी पात्राच्या तोंडून, हिंदुस्थानभरच्या भाषा अशा बोलते की कुठलीच उसनी वाटत नाही. आपल्या भागात या कलेचा याहून मोठा नमुना मला ठाऊक नाही.

लता मंगेशकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यातल्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. 1942 मध्ये वडील गेले, आणि मास्टर विनायकांच्या आधाराने मंगेशकर कुटुंब काही काळ कोल्हापुरात राहिलं. लताबाईंचं पहिलं हिंदी गाणं 1943 च्या ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटात आहे. पुढे मुंबईत, लोकलच्या डब्यात, अनिल विश्वासांनी ओळख करून दिल्यावर दिलीपकुमार म्हणाले की मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं, आणि त्यांनी उर्दू शिकवायला मौलवी ठेवले. आपल्या ‘जग’मधला ज दातांवर आपटतो, उर्दूचा ‘ज़’ नुसता घासून जातो. फरक केसाएवढा, पण त्यासाठी शिकवणी लावावी लागते. कोरियन गटांच्या तालमीत आज जपानीचे शिक्षक असतात. ते काम एका विशीतल्या मुलीने पदरच्या पैशांनी केलं.

शास्त्रीय संगीताकडे वळलं तर उदाहरण आणखी जवळचं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आणलं, आणि त्यांच्यामुळे कोल्हापूर जयपूर घराण्याचं गाव झालं. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन शिकले. तोंडी कानडी, बंदिश ब्रजभाषेतली, गाव मराठी. तेच मल्लिकार्जुन मन्सूर पुढे कानडी वचनं गात तेव्हा ते घराण्याच्या गायकीतच असत. भीमसेन जोशींचे मराठी अभंगही असेच. कानडीतले बहुतेक शब्द स्वरावर संपतात, मराठीत आपण ‘फूल’ म्हणून ओठ मिटतो. भीमसेनांच्या अभंगात शब्दाचं शेवटचं अक्षर जे भरून आणि उघडं लागतं, त्यात मला त्यांची मायबोली ऐकू येते. ती लपवलेली नाही आणि मराठीला बोचतही नाही. परभाषेत गाताना स्वतःची भाषा कितपत राहू द्यावी, याचं इतकं सुंदर उत्तर पुस्तकात सापडणार नाही.

आजची स्थिती काय? बाहेरचे आवाज मराठीत भरपूर येतात, आणि काही फार चांगले येतात. ‘जोगवा’ गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांच्या लेखनातून उभा राहिला. त्यातल्या ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांना 2008 चे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हरिहरन यांच्या तमिळमध्ये ‘ळ’ घरचाच, श्रेयाच्या बंगालीत तो नाही. म्हणून तिची कमाई मला काकणभर जास्त वाटते. ‘सैराट’च्या शीर्षकगीतात चिन्मयी श्रीपाद आहेत, त्यांचंही काम चोख. पण या मोजक्या नावांपलीकडे कितीतरी नव्या गाण्यांत चांदण्यातला च चंद्राचा झालेला ऐकू येतो, आणि कुणी थांबवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चाल चुकली तर पुन्हा गाऊन घेतात. च चुकला तरी घ्यायला हवं.

उलट दिशेने आपण काय पाठवतो? ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ 2018 च्या ‘धडक’मध्ये हिंदीत गेलं, अजय-अतुल यांच्याच आवाजात. ताल पोचला. करमाळ्याच्या पोराचं बोलणं पोचलं नाही, कारण हिंदी शब्दांना कुठलंच गाव नव्हतं. माझी खंत मात्र हिंदीपेक्षा कानडीबद्दल आहे. बेळगाव इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. सीमेचा वाद आमच्या आजोबांनी पाहिला, आम्ही पाहतो आहोत. त्यात मराठी माणसाची बाजू माझी आहे. तरी कोरियाचा जपानशी हिशेब याहून कितीतरी रक्ताचा होता आणि तिथल्या मुली गायला गेल्या. कानडी गळ्यांनी मराठी रंगभूमी आणि मैफली एवढ्या भरल्या. आपल्याकडच्या आजच्या तरुण गायिकेने हट्टाने कानडी शिकून, कानडी गीतकाराकडून शब्द घेऊन, एक अख्खा संच गावा असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी तालीम कुठे मिळेल, असं भाचीने विचारलं. मी तिला मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराचं सांगितलं. तेव्हा कोल्हापुरातून सौंदत्तीला यल्लमाच्या यात्रेला गाड्या भरून जातात. चौंडकं वाजत असतं, आणि गडहिंग्लज, निपाणीकडच्या बायका एक गाणं मराठीत म्हणून पुढचं कानडीत उचलतात. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाहीत. या वर्षी भाचीला घेऊन जाणार आहे.