बारा पायऱ्यांतला ईश्वर

काही पुस्तके वाङ्मय म्हणून लिहिलेली नसतात, तरीही त्यांतील एखाद्या सर्वनामावर किंवा वाक्याच्या शेवटी जोडलेल्या पुस्तीवर असंख्य माणसांचे जगणे टेकलेले असते. अमेरिकेत १९३९ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेले ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे पुस्तक या जातीचे आहे. मद्यपींनी मद्यपींसाठी ते लिहिले, आणि ज्या मंडळाने लिहिले त्या मंडळास पुढे पुस्तकाचेच नाव मिळाले. आपल्याकडे त्याचा उल्लेख होतो तो समाजकार्य किंवा वैद्यक या सदरांत. मला ते धार्मिक गद्य म्हणून वाचावेसे वाटते. व्यसनमुक्तीच्या मंडळांत धर्म नेमके कोणते काम करतो, या प्रश्नाचे उत्तर त्या मंडळांच्या कैवाऱ्यांपेक्षा किंवा टीकाकारांपेक्षा या गद्याच्या घडणीत अधिक स्वच्छ सापडते, असे माझे मत आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन आणि ओहायो राज्यातील ॲक्रन येथील शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी १९३५ च्या मे महिन्यात एकमेकांस भेटले. १० जून १९३५ हा या मंडळाचा स्थापनादिन मानतात. दोघांचाही संबंध फ्रँक बुकमन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ या चळवळीशी आलेला होता. आपल्या पापांची एकमेकांपाशी कबुली द्यावी, ज्यांचे वाईट केले त्यांची भरपाई करावी आणि स्वतःस ईश्वराच्या स्वाधीन करावे, अशी त्या चळवळीची शिस्त. विल्सनला त्याआधी १९३४ च्या डिसेंबरमध्ये रुग्णालयात असताना प्रकाशाचा साक्षात्कारसदृश अनुभव आला होता. त्याचा अर्थ लावताना त्याच्या हाती विल्यम जेम्सचा धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील १९०२ चा ग्रंथ आला, ही गोष्ट मला बुकमनच्या चळवळीइतकीच महत्त्वाची वाटते. धर्मानुभव खरा की खोटा हे त्याच्या उगमावरून न ठरविता त्याच्या फळावरून ठरवावे, ही जेम्सची दृष्टी. बुकमनने विल्सनला विधी दिला, जेम्सने त्या विधीतून पंथ वजा करण्याची मुभा दिली.

या वजाबाकीतून १९३८ च्या अखेरीस बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या. वाचकाने त्या एकदा पेन्सिल हाती घेऊन वाचाव्यात. बारांपैकी सहा पायऱ्यांत ईश्वर येतो. कोठे नावाने, कोठे केवळ सर्वनामाने, तर दुसऱ्या पायरीत आपल्याहून थोर अशा एका शक्तीच्या रूपाने. उलट दारूचा उल्लेख फक्त पहिल्या पायरीत आहे, आणि बाराव्यात पुन्हा मद्यपींचा. मधल्या दहा पायऱ्या दारूविषयी अवाक्षर काढीत नाहीत. त्यांत दोषांची झडती आहे, कबुली आहे, दुखावलेल्या माणसांची यादी आहे, प्रार्थना आहे. दारूवरच्या उपायात दारू इतकी थोडी असावी, हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु लेखकांचा रोख स्पष्ट आहे: पेला हे लक्षण, रोग अन्यत्र.

येशूचे नाव या बारा पायऱ्यांत नाही. ईश्वराच्या नावापुढे, तो आम्हांस जसा उमगला तसा, या अर्थाची पुस्ती दोन ठिकाणी जोडलेली आहे. ही पुस्ती सहजासहजी आलेली नाही. न्यूयॉर्कच्या गटातील काही सभासद ईश्वर मानीत नव्हते. त्यांच्या आणि श्रद्धावंतांच्या ओढाताणीतून ती निघाली. सातव्या पायरीत मुळात गुडघे टेकण्याची गोष्ट होती, तीही काढली गेली. समितीत बसून तयार केलेला मसुदा सहसा निर्जीव होतो, हे आपणांपैकी पुष्कळांस अनुभवाने ठाऊक आहे. येथे मात्र तडजोडीने वाक्यास बळ आले.

त्याहून मोलाची गोष्ट सर्वनामाची. या पायऱ्या आज्ञार्थी नाहीत. अमुक करा, तमुक सोडा, असे त्या म्हणत नाहीत. आम्ही कबूल केले, आम्ही ठरविले, आम्ही यादी केली, असा त्यांचा भूतकाळी आणि अनेकवचनी घाट आहे. विल्सनने पुढे सांगितले आहे की, पुस्तकाची कच्ची प्रत १९३९ च्या आरंभी निरनिराळ्या लोकांकडे धाडली असता न्यू जर्सीतील एका मनोविकारतज्ज्ञाने पुस्तकातील ‘तुम्ही केलेच पाहिजे’ हा सूर टाकून स्वतःच्या अनुभवाचा सूर घ्यावा असे सुचविले, आणि ते मान्य झाले. धर्मग्रंथांची भाषा बहुधा विधी आणि निषेध यांची असते. येथे विधीचे वृत्तांतात रूपांतर झाले आहे. (आमच्या कचेरीतील टिपणीत कर्ताच नसतो; सर्व काही ‘निदर्शनास येते’ आणि ‘विचाराधीन असते’. त्या गद्यात आयुष्य घालविणाऱ्यास या ‘आम्ही’चे नवल अधिकच वाटते.) कबुली देणाऱ्या माणसास उच्चासनावरून ऐकणारा कोणी नाही. ऐकणारे सारे त्याच पंक्तीत बसलेले आहेत. धर्मगुरू वगळून कबुलीजबाब ठेवणे, हा या पुस्तकाचा खरा धर्मविचार आहे.

परंतु पुस्तक स्वतःच्या या विचाराशी सर्वत्र प्रामाणिक राहत नाही, आणि टीकाकाराने तेथे भीड ठेवण्याचे कारण नाही. चौथे प्रकरण अज्ञेयवाद्यांसाठी आहे. आरंभी ते मोठ्या मनाने दार उघडते. पण पुढे युक्तिवाद असा चालतो की, आम्हीही तुमच्यासारखेच होतो, आणि शेवटी आम्हांस ईश्वर मानावाच लागला. म्हणजे नास्तिकास आत घेतले जाते ते तो फार दिवस नास्तिक राहणार नाही या अटीवर. १९४१ च्या दुसऱ्या मुद्रणात एक परिशिष्ट जोडून, आध्यात्मिक पालट हा विल्सनसारखा विजेच्या लखलखाटाने व्हावा अशी अपेक्षा नाही, बहुतेकांत तो हळूहळू होतो, असा खुलासा करण्यात आला. खुलासा करावा लागला, यातच प्रकरणाची उणीव उघड होते. १९५३ च्या बारा पायऱ्यांवरील भाष्यात विल्सन आणखी पुढे गेला. ज्यास ईश्वर मानवत नाही त्याने मंडळालाच आपल्याहून थोर शक्ती समजावे, अशी मोकळीक त्याने दिली. पण व्यवहार ग्रंथाच्या मागे रेंगाळला. अमेरिकेतील कित्येक गटांच्या सभा दीर्घकाळ येशूने शिकविलेल्या प्रार्थनेने संपत आल्या. ग्रंथाने वजा केलेला पंथ रिवाजाने परत जमा केला.

दुसरा दोष ‘आम्ही’चाच आहे. पुस्तकातील एक प्रकरण मद्यपींच्या पत्नींना उद्देशून, पत्नींच्याच तोंडून बोलते. ते लिहिले मात्र विल्सनने. त्याची पत्नी लोइस हिला ते लिहू दिले नाही याचे तिला दुःख झाले, हे तिने पुढे सांगितले आहे. ज्या पुस्तकाची सारी पुण्याई स्वानुभवाच्या सर्वनामात आहे, त्यात एक प्रकरण उसन्या सर्वनामाने लिहिलेले असावे, ही लहानसहान चूक नव्हे. त्या प्रकरणाचे गद्य नेमके तेथेच उपदेशकी आणि पोकळ होते. युंगने १९६१ मध्ये विल्सनला पत्र लिहून मद्यपीची तृष्णा ही मुळात पूर्णत्वाची, ईश्वराची तहान होय, असा जो अभिप्राय दिला, तोही मला असाच फार सुबक वाटतो. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्या बाईस ही तहान कशी समजावून सांगावी?

मराठी वाचकास येथे ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहणार नाही. गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. म्हणजे ॲक्रनच्या भेटीपूर्वी सोळा वर्षे. त्यात मद्यपींचे एक मंडळ आहेच! तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात शास्त्री आणि खुदाबक्ष एका पंक्तीस बसतात. जात आणि धर्म पेल्यापुढे गळून पडतात. गडकऱ्यांनी सभासंमेलनांची थट्टा म्हणून ते रचले. आज वाचताना वाटते की, पिण्यासाठी जी समता इतकी सहज साधते ती सोडण्यासाठी का साधू नये, हा प्रश्न त्या थट्टेच्या तळाशी पडून आहे. सुधाकर मात्र दारू सोडतो ती एकट्याने, स्वतःच्या निश्चयाच्या बळावर. आणि गडकऱ्यांचे निदान असे की, पहिल्या पेल्याने नेमका निश्चयच खाल्लेला असतो. बारा पायऱ्यांची पहिली पायरी याहून वेगळे काही सांगत नाही. त्याला वाचवावयास येतो तो रामलाल. तो सज्जन आहे, विद्वान आहे, पण त्या खड्ड्यात कधी पडलेला नाही. रामलालचे भाषण वरून येते. प्रेमभंगाने पिऊ लागलेला भगीरथ मात्र दारू सोडून परोपकाराच्या कामास लागतो, म्हणजे बाराव्या पायरीचे मर्म त्याच्या वाट्याला येते. एकेकाळी पिणारा हा भगीरथ सुधाकरासमोर समदुःखी म्हणून बसला असता तर? नाटक शोकान्त झाले नसते कदाचित, आणि मराठी रंगभूमीचे नुकसान झाले असते. पण प्रश्न उरतो.

गडकऱ्यांच्या नाटकात धर्म आहे तो सिंधूच्या पातिव्रत्यात, आणि तो नवऱ्याच्या व्यसनापुढे हतबल आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र दारू सोडण्याचा एक धार्मिक मार्ग फार जुना आहे: माळ घालणे. तुळशीची माळ गळ्यात आली की मद्यमांस वर्ज्य. वारी, भजन, सप्ताह, एकादशी यांनी संध्याकाळ आणि संगत दोन्ही बदलतात. संतसंगतीस देवाच्या बरोबरीचे मानण्याची आपली परंपरा लक्षात घेतली, तर मंडळालाच थोर शक्ती समजा हा विल्सनचा सल्ला वारकऱ्यास मुळीच परका वाटणार नाही. गाडगे महाराजांच्या कीर्तनांनी दारूवर केलेला प्रहारही याच वळणाचा. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा समूहात बसून बोलण्याची ही रीत आपल्या भूमीस अगदीच नवी नव्हती.

तथापि माळ आणि पायऱ्या यांत एक भेद आहे, आणि माझ्या मते धर्माची परीक्षा तेथेच होते. माळ ही चारचौघांत दिसणारी शपथ आहे. तिचे बळ गावाच्या नजरेत आहे. माळ घातलेला माणूस पुन्हा प्याला तर तो केवळ प्याला असे होत नाही. त्याने माळ बाटविली असे होते. मग तो दिंडीस तोंड चुकवितो, आणि ज्या संगतीची त्यास त्या क्षणी सर्वांत अधिक गरज असते तीच त्यास बंद होते. सुधाकराचेही हेच झाले. शपथ मोडल्यावर परत जावे अशी जागाच त्याला उरली नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या १९५० साली संमत झालेल्या बारा परंपरांपैकी तिसरी सांगते की, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. दारू सोडलेली असणे ही अट नाही. काल रात्री प्यालेला माणूस आज सभेत येतो आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजू लागतो. त्याचा ईश्वर कोणता, हे त्यास विचारले नाही तरी चालते. पण तो परत आला असता खुर्ची रिकामी असली पाहिजे. वारकरी धर्मात ही क्षमा नाही असे कोण म्हणेल? संतांच्या करुणेत ती ओतप्रोत आहे. गावाच्या रिवाजात ती पोचली नाही, इतकेच.

या खुर्चीवर बसण्याची सक्ती झाली की तिचा अर्थ पालटतो. अमेरिकेतील न्यायालये आणि तुरुंग मद्यपींस या सभांना धाडू लागले, तेव्हा पायऱ्यांतला ईश्वर अचानक शासकीय ईश्वर झाला. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९६ मध्ये एका निरीश्वरवादी कैद्याच्या प्रकरणात निर्णय दिला की, कुटुंबीयांच्या भेटीची सवलत अशा कार्यक्रमाच्या हजेरीवर अवलंबून ठेवता येणार नाही, कारण तो कार्यक्रम स्वरूपतः धार्मिक आहे. २००७ मध्ये हवाईतील एका बौद्ध माणसाच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयानेही हाच कौल दिला. मंडळाचे लोक आपण धार्मिक नसून आध्यात्मिक आहोत असे म्हणतात. न्यायालयाने पायऱ्या वाचल्या, आणि जे लिहिले होते तेच त्यात वाचले. वाचक म्हणून मी न्यायालयाच्या बाजूस आहे. स्वेच्छेने म्हटलेला ‘आम्ही’ आणि आदेशावरून म्हटलेला ‘आम्ही’ हे एकच सर्वनाम नव्हे.

उपयोगाचे म्हणाल तर तो आहे. २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण विचारात घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन समीक्षेत, दारूपासून सलग अलिप्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचा किंवा त्यांहून सरस ठरला. या परिणामाच्या कारणांचा शोध घेणाऱ्या संशोधनात मोठा वाटा संगत पालटण्याचा दिसतो. आध्यात्मिक साधनेचा वाटा विशेषतः तीव्र व्यसनाच्या माणसांत. ज्यांस ईश्वर नको त्यांनी १९९४ पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखी मंडळे उभारली आहेत. त्यांतही खुर्च्या वर्तुळातच मांडतात.

आपला मुलूख सोडून राहणाऱ्या मराठी माणसाचा विचार या संदर्भात मनात येतो. त्याच्या वसाहतीत ना दिंडी, ना माळेवर नजर ठेवणारे गाव. बदलीच्या शहरात तो अशा सभेस गेला तर त्यास आपली लाज हिंदीत किंवा इंग्रजीत सांगावी लागेल. ती मातृभाषेत सांगण्यापेक्षा सोपी की कठीण, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. एवढे खरे की, तेथे केवळ पहिले नाव सांगावयाचे असते. आडनाव नाही, म्हणून जात नाही; हुद्दा नाही, म्हणून श्रेणी नाही. कोणत्या मंत्रालयात, कोणत्या शाखेत, कायम की हंगामी, हे विचारल्यावाचून आमच्यातील कोणाशी कोणी पूर्वी कधी बोलला असेल की नाही, याची मला शंकाच आहे.