चौफेर चित्र आणि पाहणाऱ्याची जागा

चित्राला चौकट असते आणि चौकटीबाहेरचे सोडून देण्याचा अधिकार चित्रकाराला असतो, हे गृहीत धरूनच आपल्याकडे चित्रांविषयी लिहिले जाते. संगणक आणि मोबाइल यांच्यामुळे गेल्या काही वर्षांत चित्रकारांच्या हाती असा एक प्रकार आला आहे, की ज्याला चौकटच नाही. चित्रकार हाताने एक आडवे चित्र रेखाटतो. संगणक ते एखाद्या पोकळ गोलाच्या आतल्या अंगाला चिकटवल्यासारखे दाखवतो. आणि पाहणारा त्या गोलाच्या मध्यबिंदूवर उभा असल्याप्रमाणे बोटाने चित्र फिरवून, किंवा डोळ्यांवर खास चष्मा चढवून मान वळवीत, पुढे-मागे आणि वर-खाली पाहू शकतो. कॅमेऱ्याने टिपलेली अशी दृश्ये आता सर्वांच्या परिचयाची आहेत. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो हाताने काढलेल्या चौफेर चित्रांचा. त्यांचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावे? पाहणाऱ्याला कोठेही पाहण्याची मोकळीक मिळते, म्हणून हे चित्र निःपक्षपाती असते, असे सर्रास मानले जाते. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. येथे नजर मोकळी असते, पण पाय बांधलेले असतात; आणि चित्रकाराने ते कोठे रोवले यातच चित्राचा सारा अर्थ साठलेला असतो.

प्रथम या चित्राची घडण पाहू. सर्वांत रूढ पद्धतीत कागदाची रुंदी उंचीच्या दुप्पट असते, कारण आडवे वर्तुळ ३६० अंशांचे आणि पायापासून माथ्यापर्यंतचा पल्ला १८० अंशांचा. ७२ सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच कागद घेतला, तर दर सेंटिमीटरला ५ अंश पडतात. मधली आडवी रेघ म्हणजे क्षितिज. उभे खांब उभेच राहतात. परंतु डोळ्याच्या पातळीच्या वरची वा खालची आडवी रेघ वाकते. समोर एक लांब, सरळ भिंत आहे आणि तिचा माथा बरोबर समोर ४५ अंशांवर दिसतो, असे समजा. कागदावर तो क्षितिजापासून ९ सेंटिमीटर वर येईल. त्याच भिंतीवर नजर ६० अंश बाजूला नेली, की माथा सुमारे साडेसव्वीस अंशांवर, म्हणजे ५.३ सेंटिमीटरवर उतरतो. आणि ९० अंशांकडे जाता जाता क्षितिजात विरतो. कागदावर सरळ भिंतीची कमान होते, आणि गोलात शिरताच ती कमान पुन्हा सरळ भिंत होते. कागदाची डावी व उजवी कड गोलात एकमेकींना भिडते, म्हणून तेथे रेघेला रेघ तंतोतंत मिळावी लागते. माथ्याकडे तर कसोटीच असते. ६० अंशांच्या उंचीवरची वस्तू दुप्पट रुंद काढावी लागते, ७५ अंशांवर जवळजवळ चौपट. आणि कागदाची वरची सबंध ७२ सेंटिमीटरची कड म्हणजे डोक्यावरचा एकच बिंदू! ज्यांना हे जड वाटते ते गोलाऐवजी घनाच्या सहा चौकोनांवर चित्र काढतात. तेथे सरळ रेघ प्रत्येक चौकोनात सरळच राहते, मात्र कडांपाशी मोडते. पोर्तुगालचे गणितज्ञ-चित्रकार आंतोनियू आराउजू यांनी २०१८ मध्ये केवळ पट्टी, कंपास आणि कोनमापक यांच्या साहाय्याने अशी चित्रे कशी काढावीत याची शास्त्रशुद्ध रीत मांडली. शालेय कंपासपेटीत मावणारी ही विद्या आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या विद्येचा सराव करण्यास आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्यात एक अत्यंत सोयीची वास्तू आहे. नगर शहराच्या पूर्वेला डोंगरावर उभा असलेला चांदबिबीचा महाल हा वस्तुतः निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याचा मकबरा होय. वास्तू अष्टकोनी आहे. आत मध्यभागी उभे राहिले, की आठ भिंतींपैकी प्रत्येक भिंत बरोबर ४५ अंश व्यापते, म्हणजे आमच्या कागदावर ९ सेंटिमीटर. भिंतीचा मध्य जर ४५ अंशांच्या उंचीवर धरला, तर कोपरे पावणेत्रेचाळीस अंशांच्या आसपास येतात. म्हणजे ९ सेंटिमीटरचे साडेआठ होतात. आठ सौम्य कमानींची एक माळ कागदावर उमटते. नवशिक्याला याहून चांगला धडा मिळणार नाही.

पण हीच वास्तू या प्रकारातील एक मोह उघडा पाडते. तेथे जाणारा मनुष्य जातो तो बाहेरचा मुलूख पाहण्यासाठी. सज्जातून एका बाजूला शहर दिसते, दुसऱ्या बाजूला डोंगर. चित्रकाराला वाटते, आठही दिशांचे देखावे जोडून एक अखंड गोल करावा. असा गोल सुंदर दिसेल, यात शंका नाही. पण तो खोटा असेल. सज्जात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी दगडी भिंत असते. ती भिंत पुसली, तर पाहणारा हवेत तरंगतो. त्याला सगळे दिसते, पण तो कोठेच नसतो. प्रचलित चौफेर चित्रांपैकी पुष्कळ चित्रे याच दोषाने निर्जीव झालेली आम्हांस दिसतात. पाठीची भिंत काढण्याचा प्रामाणिकपणा ही या कलेतील पहिली पायरी होय.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये गोलाकार दालनातील चित्राचे पेटंट घेतले आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास इमारत उभारली. ‘पॅनोरामा’ हा शब्द त्याच काळातला. १८०० मध्ये रॉबर्ट कर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे अर्धवर्तुळाकार प्रचंड चित्र लंडनमध्ये मांडले. प्रेक्षक कोणाच्या बाजूने उभा होता, हे सांगावयास नको. टिपूच्या तटावर उभे राहून तोच दिवस कसा दिसला असता, हा विचार त्या दालनात कोणाला सुचणे कठीणच होते. जागा ठरली, की सहानुभूतीही ठरते.

कॅथलिक युरोपने हाच प्रकार भक्तीसाठी वापरला. ब्रूनो पिग्लहाइन याचे क्रूसारोहणाचे चौफेर चित्र १८८६ मध्ये म्युनिकला लोकांसमोर आले आणि १८९२ मध्ये व्हिएन्नात आगीत नष्ट झाले. स्वित्झर्लंडमधील आइन्झिडेल्न या तीर्थक्षेत्री १८९३ मध्ये असेच चित्र उभे राहिले. ते १९६० मध्ये जळाले आणि १९६२ मध्ये नव्याने रंगवले गेले. बव्हेरियातील आल्टओटिंग या मरियाक्षेत्री गेबहार्ड फूगेल याचे १९०३ मधील चित्र आजही पाहावयास मिळते. क्यूबेकमधील संत अ‍ॅना हिच्या क्षेत्री १८९५ पासून असलेले यरुशलेमचे चक्रचित्र मात्र २०१८ मध्ये बंद झाले. या चित्रांना कलासमीक्षकांनी फारसे जवळ केले नाही. यात्रेतील करमणूक म्हणून ती बाजूस सारली गेली. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. वेदीमागील चित्रात क्रूस समोर असतो आणि आपण त्याकडे पाहतो. चौफेर चित्रात आपण क्रूसाकडे पाठ फिरवू शकतो, आणि पाठ फिरवली की समोर येते ते शहर, त्याच्या वाटा आणि आपापल्या उद्योगात असलेली माणसे. प्रभू येशू मरण पावत असता जग आपल्या कामात होते, ही शुभवर्तमानातील कठोर गोष्ट सपाट चित्राला सांगता येत नाही. ती चौफेर चित्र सांगू शकते. आपली पाठ कोणाकडे आहे, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या मानेने कळते.

येथे संत इग्नेशियस लोयोला यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात मननाच्या आरंभी स्थळ डोळ्यांपुढे उभे करावयास सांगितले आहे. ख्रिस्तजन्माच्या मननात साधकाने नाझरेथहून बेथलेहेमकडे जाणारी वाट किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांची, आणि गुहा किती मोठी, किती ठेंगणी, हे मनाने पाहावयाचे असते. पण संत इग्नेशियस एवढ्यावर थांबत नाहीत. साधकाने त्या दृश्यात एका दीन, अपात्र सेवकाची जागा घ्यावी आणि त्या कुटुंबाची सेवा करावी, असे ते सांगतात. सारे स्थळ उभे करून पाहणाऱ्याची जागाही ठरवून देणारा हा चौफेर चित्राचा अत्यंत जुना आणि नेमका धडा आहे. त्यांच्याच संघातील बंधू आंद्रेआ पोत्सो यांनी रोममधील संत इग्नेशियस मंदिराचे छत सतराव्या शतकाच्या शेवटी रंगवले, तेव्हा खाली फरशीत एक गोल खूण बसवली गेली. त्या खुणेवर उभे राहिले तर रंगवलेले खांब आकाशात सरळ चढतात. दूर सरकले की कलंडतात.

आपल्या जिल्ह्यात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी कलाकृती आमच्या माहितीप्रमाणे मेहेराबादला आहे. अवतार मेहेरबाबा यांच्या समाधीची छोटी वास्तू आतून स्विस चित्रकर्ती हेलन डाम यांनी १९३८ मध्ये रंगवली. तेथील श्रद्धा आपली नसली, तरी रचनेचे मर्म मान्य करावयास हरकत नसावी. येणारा मनुष्य चित्रांनी वेढला जातो. पण त्या जागेत तो येतो वाकण्यासाठी. वेढणाऱ्या चित्राला दिशा मिळते ती त्या वाकण्यातून. संगणकावरील गोलात पायाखालचा भाग बहुधा कोरा सोडतात किंवा तेथे निर्मात्याची मुद्रा ठोकून देतात. जेथे माथा टेकावयाचा, तीच जागा अशी वाया जाते.

आता आपला प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येशूसंघीय धर्मगुरूंनी केंदळ, वळण, संगमनेर अशा ठाण्यांवर काम केले. त्यांच्याकडे आलेले आपले बहुसंख्य पूर्वज महार आणि मांग समाजांतील होते. त्यांनी गाव पाहिले ते गावकुसाबाहेरून. त्या जागेवरून काढलेले गावाचे चौफेर चित्र आपल्याजवळ नाही. त्या जागी कॅमेरा कधी ठेवला गेला नाही, आणि आज ठेवला तरी तो जुना काळ टिपू शकत नाही. वृद्धांच्या स्मरणावरून हाताने मात्र ते काढता येईल. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचेही तसेच. सप्टेंबरातील त्या गर्दीची वेदीच्या पायऱ्यांवरून घेतलेली छायाचित्रे विपुल आहेत. त्यांत भाविक म्हणजे डोक्यांचा एक समुद्र. कोणी तरुण चित्रकाराने शेवटच्या रांगेत, मांडीवर निजलेले मूल घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्याच्या पातळीवर क्षितिजाची रेघ आखावी. वेदी तेथून दोन-तीन अंशांची, म्हणजे कागदावर अर्ध्या सेंटिमीटरची असेल. समोर पाठीच पाठी असतील, वर मांडवाचे कापड, मागे दुकाने आणि परतीच्या गाड्या, खाली पसरलेले धडके आणि चपला. त्या अर्ध्या सेंटिमीटरकडे सारे कसे वळले आहेत, हे ज्याला काढता येईल त्याला यात्रा कळली, असे आम्ही म्हणू.

अशी चित्रे समोर आली, की समीक्षकाने तीन गोष्टी विचाराव्यात: आम्हांला कोठे उभे केले आहे, आमच्या पाठीशी काय आहे, आणि पायाखाली काय आहे. रेघांची अचूकता त्यानंतर तपासावी. ती सरावाने साधते. जागा मात्र चित्रकाराला पट्टी हाती घेण्यापूर्वीच निवडावी लागते, आणि आपल्या समाजाचे चित्र काढणाऱ्याला ती निवडताना आपण कोणामध्ये बसलो आहोत, याचे उत्तर आधी द्यावे लागते.