दुकानांतील मराठी

मराठी दुकानदाराच्या बोलण्याविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें गेलें, त्यांत पु. ल. देशपांडे यांनीं केलेली पुणेरी दुकानदाराची थट्टा इतकी लोकप्रिय झाली कीं, दुकानांतील मराठी म्हणजे तुसडेपणा असें समीकरणच होऊन बसलें. थट्टा खरी आहे. परंतु ती अर्धीच बाजू होय. लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या साड्यांच्या दुकानांत घटकाभर कान देऊन बसणाऱ्यास कांहीं निराळेंच ऐकूं येतें.

तेथें 'नाहीं' हा शब्द सहसा उघडा पडत नाहीं. मागितलेला रंग दुकानांत नसला तर 'कालच संपला' असें उत्तर मिळतें, आणि तें ऐकेपर्यंत दुसऱ्या चार साड्या उलगडलेल्या असतात. बाईंना त्यांतली एकही पसंत नसते; तरी 'छान आहे, पण पदर जरा मोठा हवा होता' असें म्हणून त्या दोष पदराच्या माथीं मारतात. किंमत ऐकून 'महाग आहे' म्हणणें कमीपणाचें, म्हणून 'कांहीं कमीजास्त होईल का?' असा प्रश्न येतो. यांतील 'जास्त' निव्वळ शोभेचें. आजवर कोणा गिऱ्हाइकानें तें मागितल्याचें ऐकिवांत नाहीं. दुकानदारही 'देणार नाहीं' म्हणत नाहीं, 'मला परवडत नाहीं' म्हणतो, आणि नकार स्वतःच्या अंगावर न घेतां व्यवहाराच्या अंगावर टाकतो. 'ताई, भवानीची वेळ आहे' म्हणून तो एक पायरी उतरतो. तरीही न जमल्यास बाई 'येतें हं' म्हणून उठतात. त्या पुन्हां येणार नाहींत हें दोघांनाही ठाऊक असतें. रात्रीं तोच दुकानदार दुकान बंद करीत नाहीं, 'वाढवतो'.

याला कोणी ढोंग म्हणेल. ढोंगांत निदान एकानें तरी फसावें लागतें. येथें बहुधा कोणीच फसत नाहीं. लबाडी नसतेच असें मात्र नव्हे. 'गिऱ्हाईक करणें' हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत उगाच रूढ झालेला नाहीं.

वेष्टनांवर कमाल किंमत छापली जाऊं लागली आणि वाण्याच्या दुकानांतील हें बोलणें आटलें. त्याची खंत नको. मिठाच्या पुड्यासाठीं घासाघीस करण्यांत कोणाचें हित होतें? खंत आहे ती निराळी. २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली; सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी देवनागरी झाली. पण तिच्याखालून आंत शिरणारें मराठी कुटुंब आपली भाषा उंबऱ्यावरच उतरून ठेवतें. समोरचा तोंड उघडण्यापूर्वींच 'भैया, कितने का है?' असा प्रश्न जातो. आणि तो भैया पुष्कळदां साताऱ्याचा असतो!

हिंदीचा यांत कांहीं अपराध नाहीं. बनारसचा साडीविक्या आपल्या भाषेंत आमच्याहून अधिक आर्जव करील. परंतु आपण वापरतों ती हिंदी चार क्रियापदांची: 'दिखाओ', 'कम करो', 'नहीं चाहिए'. तींत पदराच्या माथीं दोष मारतां येत नाहीं, कीं 'येतें हं' म्हणून उठतां येत नाहीं.

बरोबर मुलें असतात. नकार कसा द्यावा हें तीं तेथें उभ्या उभ्या शिकतात, आणि घरीं आजी आग्रहानें दुसरी पोळी वाढूं लागली कीं तिलाही तोच आखूड नकार मिळतो.