रडणारा डॉक्टर आणि मेलेली बाई

‘ईआर’ या अमेरिकन मालिकेतला १९९५ चा ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा भाग. शिकागोच्या इस्पितळात डॉ. ग्रीन एका गरोदर बाईला मूत्राशयाचा संसर्ग समजून घरी पाठवतो. आजार असतो गर्भारपणातल्या रक्तदाबाचा. झटके येऊन ती परत येते; मूल वाचते, ती मरते.

चाहते अजून वाद घालतात : दोषी ग्रीन, की वेळेवर न आलेली प्रसूतितज्ज्ञ? म्हणजे वादाच्या दोन्ही टोकांना डॉक्टरच! संहिता लिहिणारे लान्स जेंटाइल स्वतः डॉक्टर. तपशील त्यामुळेच अस्सल आहेत, आणि सहानुभूतीची जागाही आधीच राखलेली आहे. शेवटी ग्रीन आगगाडीत एकटा रडतो. प्रेक्षक त्याच्यासोबत रडतो. तान्ह्याला घेऊन नवरा कुठल्या घरी परतला? कॅमेरा त्याच्यामागे जात नाही.