‘पोलीस ॲक्शन’ : मोजका शब्द आणि आपली बाजू

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपल्या संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन होते, आणि त्याच दिवशी आपल्या मोबाइलवर एक वाद हमखास येऊन पडतो. ‘याला पोलीस ॲक्शन म्हणू नका. तो नेहरूंच्या बोटचेपेपणाचा शब्द आहे. सरळ युद्ध म्हणा.’ असे लिहिणारे बहुतेक आपलेच लोक असतात. देश आधी, राज्याची अब्रू आधी, असे मानणारे. मीही त्यातलाच. म्हणून आज टीका करायची आहे ती समोरच्यांवर नाही, आपल्यावर.

आधी एक घोळ मिटवू. मुक्तिसंग्राम हे नाव लोकांच्या लढ्याचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सत्याग्रह करून तुरुंगात गेलेली माणसे, सरहद्दीवरच्या कॅम्पांतली पोरे, हे सगळे त्या नावात येतात. त्या नावाला कुणाची हरकत असायचे कारण नाही. पोलीस ॲक्शन हे नाव आहे ते १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांचे, म्हणजे सोलापूरकडून रणगाडे निघाले आणि पाचव्या दिवशी निजामाने रेडिओवरून शस्त्रे खाली ठेवल्याचे सांगितले, त्या कारवाईचे.

आता तुम्ही म्हणाल, रणगाडे आणि विमाने घेऊन जातात ते पोलीस कसले? बरोबर आहे. पण हा शब्द कुणाला ऐकवायचा होता, ते बघा.

२१ ऑगस्ट १९४८ ला निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. म्हणणे असे की हैदराबाद हा स्वतंत्र देश आहे आणि शेजारचा मोठा देश त्याला धमकावतो आहे. जगाला हे पटण्यासारखे होते. परदेशी वर्तमानपत्रांना निजाम ठाऊक होता तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. १९३७ मध्ये ‘टाइम’ने त्याला मुखपृष्ठावर घेतले होते. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातूरचा वकील, हे पॅरिसमध्ये कुणाला माहीत असणार? आणि ज्या दिवशी ही तक्रार गेली, त्याच २१-२२ ऑगस्टच्या रात्री हैदराबादमध्ये शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा खून झाला. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून तो भारतात विलीन होण्याची बाजू मांडत होता. मुसलमान संपादक, उर्दू पत्र, आणि भूमिका भारताची. निजामाच्या राज्यात वर्तमानपत्राला किती मोकळीक होती, त्याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

सुरक्षा परिषद १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये बसली, तेव्हा कारवाईचा चौथा दिवस होता. भारताची भूमिका एकच : हैदराबाद हे राष्ट्रच नाही, त्यामुळे या तक्रारीची दखल घेण्याचा परिषदेला अधिकार नाही. सनदेच्या कलम २(७) प्रमाणे देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांना शिरता येत नाही. आता विचार करा, त्याच वेळी दिल्लीहून ‘आम्ही युद्ध पुकारले’ अशी गर्जना झाली असती तर? युद्ध दोन देशांत होते. पोलीस आपल्याच घरात जातात. ‘युद्ध’ म्हटले असते तर निजामाचा मुद्दा आपणच सिद्ध करून दिला असता. जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरचा प्रश्न आपण आपल्या हाताने परिषदेत नेला, त्याचे ओझे आजवर वाहतो आहोत. हैदराबादच्या बाबतीत दार बंद ठेवता आले, त्यात सैन्याचा वाटा मोठा, पण या दोन शब्दांचाही आहे. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतली.

नेहरू कचरत होते आणि सरदार ठाम होते, हे खरेच आहे. पण ठाम म्हणजे घाईचे नव्हे. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार सरदारांच्याच खात्याच्या देखरेखीखाली झाला. त्यानंतर वाटाघाटी चालल्या, आणि कारवाई झाली ती साडेनऊ महिन्यांनी. आजच्या चॅनेलवर सरदार असते, तर पहिल्या आठवड्यातच त्यांना कुणीतरी ‘कमजोर’ ठरवले असते, नाही का?

हसू नका, कारण हे आपण अलीकडेच केले. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरचे सरकारी निवेदन आले. मोजून-मापून. दहशतवाद्यांचे तळ लक्ष्य केले, पाकिस्तानी लष्कराच्या ठाण्यांना हात लावला नाही, असे त्यात स्पष्ट होते. आणि दुसऱ्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले! सकाळी बंदर जागच्या जागी. राज्य एक एक शब्द तोलत होते, आणि राज्याचे भक्त त्याच शब्दांवर पाणी ओतत होते. याला देशप्रेम म्हणायचे की करमणूक?

आता कठीण भाग. मोजक्या शब्दाचा फायदा घेतला, तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. पोलीस म्हटले की सगळ्यांचे रक्षण आले. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, ते आपण दर वर्षी सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झाले, त्याची चौकशी करायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. आकड्यावर वाद घाला, जरूर घाला. पण विषय निघाला की आपली बाजू गप्प बसते, हे बरे नाही. कायदा आणि सुव्यवस्था हे आपलेच शब्द आहेत ना? मग ती जिथे कोसळली, तिथे पहिला प्रश्न आपण विचारायचा. शोएबुल्ला खानाचे नाव अभिमानाने घेणाऱ्याला, त्याच्याच समाजातल्या निरपराधांचे मरण नजरेआड करता येत नाही.

म्हणून येत्या १७ सप्टेंबरला तो संदेश आला, की पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबा. ‘पोलीस ॲक्शन’ हा भित्र्याचा शब्द नाही. तो राज्य चालवणाऱ्यांचा शब्द आहे. त्याने आपल्याला मराठवाडा दिला आणि एक हिशेबही मागे ठेवला. दोन्ही आपलेच आहेत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.