पंगतीत ओळखावा वाढपी

छोट्या हॉटेलात पुढे वाढायला माणूस ठेवायचा असेल, तर त्याला गल्ल्यासमोर उभं करून प्रश्न विचारू नयेत. गावच्या पंगतीत वाढताना त्याला बघावं. राजापूर तालुक्यात अशा संधींना तोटा नाही. देवळाचा उत्सव, सत्यनारायण, लग्न, बारसं. कुठे ना कुठे पानं मांडलेली असतात आणि वाडीतली पोरं खांद्यावर टॉवेल टाकून, बाया पदर खोचून वाढत असतात. त्या वाढण्यात कला आहे, आणि लक्ष देऊन पाहणाऱ्याला ती दिसते.

मीठ वाढणं सगळ्यांत सोपं, म्हणून ते नवख्या पोराच्या हातात देतात. पहिली खूण तिथेच मिळते. चिमूट पानाच्या वरच्या कडेला नेमकी पडते, की घाईत कुठेही? मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वरून तूप. हा क्रम कुणालाही पाठ होतो. जाणता वाढपी त्यापलीकडचं बघतो. कोशिंबिरीचं पाणी भाताकडे ओघळेल हे ओळखून तो ती निथळून वाढतो. वरणाचा डाव मुदीच्या माथ्यावर हलकेच रिता करतो, उंचावरून ओतत नाही. पुढच्या पानाशी वाकलेला असतानाही मागच्या तीन पानांवर काय संपत आलंय, हे त्याला ठाऊक असतं.

खरा रस नकारात आहे. पंगतीत ‘पुरे’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी येतो. पानावर आडवा तळहात धरून म्हटलेलं ‘पुरे’ म्हणजे पुरेच. तिथे आग्रह केला तर अन्न वाया जातं आणि माणूस अवघडतो. नजर बासुंदीच्या भांड्यावर ठेवून म्हटलेलं ‘पुरे पुरे’ म्हणजे अर्धी वाटी चालेल. नवी सून मान खाली घालून नको म्हणते तेव्हा तिला भूक असते, पण सगळ्यांसमोर मागायचा संकोच वाटतो. तिथे चांगला वाढपी काही विचारत नाही. थोडं वाढतो आणि पुढे सरकतो. म्हातारे आजोबा सावकाश जेवतात. पंगत एकत्र उठायची असते, म्हणून तो ताक घेऊन पुन्हा त्यांच्यापाशी येतो, “सावकाश होऊ दे, आजोबा” म्हणतो आणि उरलेल्यांना तेवढ्या वेळात गप्पांत गुंतवतो. हे शिकवून येत नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याला आधीच येतं, त्याला हॉटेलचं बाकीचं काम आठवड्यात शिकवता येतं.

न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांनी १९८५ मध्ये युनियन स्क्वेअर कॅफे काढलं. माणूस निवडताना ५१ टक्के वजन स्वभावाच्या गुणांना आणि ४९ टक्के कामाच्या कसबाला, असा हिशेब त्यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात मांडला. मला तो पटतो. आपल्याकडे ते ५१ टक्के पंगतीत उघड्यावर तपासता येतात, एवढी आपली सोय मोठी.

पंगतीची काळी बाजूही इथे सांगायला हवी. कुणी कुठे बसायचं आणि कुणी बसायचंच नाही, हे तिथे जातीवर ठरत आलं. याच जिल्ह्यात, रत्नागिरीत, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि सहभोजनं झाली, ती हा भेद मोडण्यासाठीच. म्हणून वाढप्याचा मी पाहतो तो सर्वांत मोठा गुण म्हणजे पंक्तिप्रपंच न करणं. ओळखीच्याला तुपाची धार लांब आणि परक्याला थेंबभर, असं करणारा पोरगा हॉटेलात मोटारीतून आलेल्या साहेबाला सुरमईची मधली तुकडी देईल आणि ट्रकवाल्याला शेपटीकडची. पैसे दोघेही सारखेच देतात. असा माणूस कितीही चपळ असला तरी घेऊ नये.

राजापुरात गिऱ्हाईक तऱ्हातऱ्हांचं. मुंबई-गोवा महामार्गावरचा प्रवासी घाईत असतो, राजापूरची गंगा म्हणजे झरे प्रकट झाले की उन्हाळे गावाकडे जाणारे भाविक शाकाहारी जेवण शोधतात, तालुक्याच्या कामासाठी गावातून आलेला माणूस एका चहावर तासभर बसतो. प्रत्येकाचं ‘पुरे’ वेगळं. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा “दादा, आज ताजी सुरमई नाही, कुळथाची पिठी गरम आहे” असं न अडखळता सांगणारा माणूस हॉटेलचं नाव राखतो. बार असेल तर आणखी एक धीर लागतो. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. कोवळ्या चेहऱ्याला वय विचारावं लागतं, आणि तेही चारचौघांत त्याची मान खाली जाणार नाही अशा सुरात.

पंगतीत दहा-बारा वर्षांचं पोरही सुरेख पाणी वाढतं. त्याला मात्र तिथेच राहू द्यावं. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. उलट, ज्या बायांनी जन्मभर पंगती सांभाळल्या त्यांना आपण भाकऱ्या थापायला आत बसवतो, पुढे आणत नाही. हे मला अजिबात पटत नाही. आग्रह आणि अदब यांचा मेळ त्यांच्याइतका कुणाला साधतो?

माणूस नजरेत भरला की त्याच्या घरी जावं. पगार, आठवड्याची सुट्टी, रात्री घरी कसा पोचणार हे आईवडिलांसमोर बोलावं. आणि गणपतीचं आधीच ठरवावं, कारण चाकरमानी येतात, हॉटेल भरतं, नेमकं तेव्हाच कोकणातला माणूस कामावर थांबत नाही; त्याने थांबावं अशी अपेक्षाही करू नये. चौघे ठेवायचे असतील तर दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरातले दोघे आणि पाच किंवा सात दिवसांच्या घरातले दोघे घ्यावेत. चतुर्थीला आणि दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद. तिसऱ्या दिवसापासून पहिले दोघे पुढे उभे राहतील; विसर्जन आटोपून उरलेले दोघे आले की पहिल्यांना तेवढीच सुट्टी द्यावी.