बदकाच्या छातीतले दार

वास्तुकलेच्या चर्चेत ‘बदक’ हा शब्द गेली पन्नास वर्षे बहुधा दूषण म्हणूनच वापरला जातो. ज्या बदकावरून तो आला, ते न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर, फ्लँडर्स गावी रस्त्याच्या कडेला आजही बसलेले आहे. सुमारे २० फूट उंच, ३० फूट लांब. लाकडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी आणि वरून सिमेंटचा गिलावा. डोळ्यांच्या जागी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे मागचे दिवे, आणि छातीत दार. मार्टिन मॉरर या बदकपालकाने १९३१ च्या सुमारास ते जवळच्या रिव्हरहेडला उभारले आणि आत बदके व अंडी विकली. चीनमधून १८७३ साली अमेरिकेत आलेल्या पेकिन बदकांवर त्या पट्ट्यात मोठा धंदा उभा राहिला होता. भरधाव जाणाऱ्या मोटारवाल्याने ब्रेक दाबावा, एवढाच मॉररचा हेतू. काही वर्षांतच त्याने बदक उचलून फ्लँडर्सला नेले.

पीटर ब्लेक यांनी १९६४ च्या ‘गॉड्स ओन जंकयार्ड’मध्ये त्याचे छायाचित्र छापले, ते देशाच्या विद्रूपीकरणाचा पुरावा म्हणून. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी १९७२ च्या ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’मध्ये तेच बदक निराळ्या कामाला लावले. त्यांच्या मते इमारती दोन तऱ्हांच्या. एक ‘बदक’: आतली जागा, बांधणी, उपयोग हे सारे एका आकारापायी वाकवलेले. दुसरी ‘सजवलेली शेड’: साधी, कामापुरती इमारत आणि वर स्वतंत्र सजावट वा पाटी. दोन्ही तऱ्हांना त्यांनी जागा दिली, पण आपल्या काळासाठी कौल शेडला. खरा नेम होता आधुनिकतावाद्यांवर. अलंकार नाकारता नाकारता त्यांनी अख्खी इमारतच अलंकार करून टाकली, हा तो आरोप. आणि पॉल रुडॉल्फ यांच्या क्रॉफर्ड मॅनरसारख्या इमारती पाहताना तो मला आजही पटतो.

माझी तक्रार उदाहरणाबद्दल आहे. मी हे बदक छायाचित्रांतच पाहिले आहे, पण त्यांत जे दिसते ते सिद्धान्ताच्या उलट जाते. बदकाच्या पोटात आहे काय, तर एक छोटी, साधी दुकानाची खोली. अंडी विकायला जेवढी जागा लागते तेवढी. आकारापायी उपयोगाने इथे काहीच गमावलेले नाही. मॉररने शेडच बांधली होती. फक्त पाटी इतकी मोठी केली की शेड तिच्या आत मावली. शिवाय ही पाटी खोटे बोलत नव्हती: बाहेर बदक, आत बदक. आधुनिकतावाद्यांना हाणायला जो दंडुका हवा होता, तो या गरीब पक्ष्याच्या पायाचा काढला गेला.

आपल्याकडचे रसवंतीगृह घ्या. चार बांबू, वर ताडपत्री, एखाद्या नाथाच्या नावाची पाटी: व्हेंचुरींना आवडावी अशी शेड. पण उन्हातून चाललेल्या माणसाला पाटी वाचायची गरज पडत नाही. चरकाला बांधलेले घुंगरू त्याला आधीच बोलावतात, आणि ते वाजतात ते ऊस पिळला जात असतो म्हणूनच. त्या आवाजाला सजावट म्हणायचे की काम? मॉररच्या बदकाबद्दलही मला हेच विचारावेसे वाटते.

पुढे बदकांचा धंदा ओसरला. १९८७ मध्ये सफोक काउंटीने बदक ताब्यात घेतले, १९८८ मध्ये एका उद्यानाच्या आवारात हलवले, आणि सुमारे वीस वर्षांनी पुन्हा फ्लँडर्सच्या जुन्या जागी आणले. दरम्यान १९९७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचे नाव गेले. ब्लेकनी ज्याला भंगारात काढले, त्याची एवढी बडदास्त! गावकऱ्यांनी ते हट्टाने सांभाळले याचा मला आनंदच आहे. पण व्हेंचुरींची व्याख्या त्याला आत्ता कुठे थोडी लागू पडू लागली आहे असे वाटते. नाताळच्या दिवसांत त्याच्यावर दिव्यांची आरास होते, लोक जमतात. छातीतल्या दारातून आत गेले की बदकांची चित्रे असलेल्या भेटवस्तू मिळतात. अंडी मिळत नाहीत.